दारची लिली : कळलावी

पुण्यांत थंडीच्या दिवसांत एम्प्रेस बागेंत फुलांचें प्रदर्शन भरतें, तेव्हां गुलाब आणि शेवंती यांच्यापुढें जशी गर्दी असते तशीच परदेशी कांद्यांच्या फुलांपुढेंहि असते. त्यांतून एखाद्या रंगीत पुस्तकांत नारिंगी रंगाची, पाकळ्या मागें मुरडलेली आणि अंगभर काळसर ठिपके असलेली लिली पाहण्यांत आली, म्हणजे बागेची हौस असलेल्या माणसाच्या मनांत एकच इच्छा मूळ धरते : हें फूल आपल्या अंगणांत फुललें पाहिजे. इंग्रजींत या फुलाला टायगर लिली, म्हणजे वाघ-लिली, असें म्हणतात. नांव देणारानें वाघ नीट पाहिला नसावा. कारण फुलावर पट्टे मुळींच नाहींत, आहेत ते ठिपके, आणि ठिपके हें बिबट्याचें लक्षण होय. परंतु नांव रूढ झालें तें झालें.

टायगर लिलीचा मूळ मुलूख चीन, कोरिया आणि जपान हा आहे. तेथें तिचा कांदा शेंकडों वर्षें भाजीसारखा लावून खाल्ला जात आला आहे. १८०४ सालीं विल्यम कर नांवाच्या वनस्पति-संग्राहकानें कँटन बंदरांतून ती इंग्लंडांतील क्यू येथील बागेस पाठविली आणि तेथून ती युरोपभर पसरली. बागांतून आढळणाऱ्या बहुतेक टायगर लिलींना बीं धरत नाहीं. परंतु प्रत्येक पानाच्या बगलेंत मिऱ्याएवढी काळसर गांठ येते, आणि ती गळून मातींत पडली कीं तिचें नवें झाड होतें. इतकी जिवट ही वनस्पति. पण पुण्यांत तिचा संसार टिकत नाहीं. कांदा विकत आणला जातो, शेणखत घातलेल्या कुंडींत पुरला जातो, आणि पहिल्या वर्षीं त्याला दोन-चार फुलें येतातहि. दुसऱ्या वर्षीं चार किरकोळ पानें येतात. तिसऱ्या वर्षीं कुंडी उकरून पाहावी तों आंत कांहींच नसतें.

याचें कारण शोधावयाचें तर पुण्याच्या ऋतुमानाकडे पाहावें. टायगर लिली ही थंड मुलखांतली. हिंवाळ्यांत तिचा कांदा जमिनींत झोंपतो, आणि त्या झोंपेंत कांहीं आठवडे तरी त्याला पाणी गोठण्याच्या जरा वरची थंडी लागते. ती मिळाली म्हणजे पुढें फुलाचा दांडा जोमानें वर येतो. पुण्यांत डिसेंबर-जानेवारींत पहाटे पारा दहा-अकरा अंशांवर उतरतो, एखाद्या रात्रीं त्याच्याहि खालीं जातो. पण दुपार झाली कीं तो पुन्हां तीस अंशांच्या जवळ जाऊन बसतो. कुंडींतील मातीला धड झोंप लागत नाहीं. पुढें एप्रिलांत चाळीस अंशांच्या घरांतलें ऊन, आणि त्याच्या मागोमाग जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत ओल. उन्हानें शिजलेला कांदा पावसानें कुजतो. बाजारांतला कांदा पहिल्या वर्षीं फुलतो, तो शीतगृहांतून थंडीची शिदोरी बरोबर घेऊन आलेला असतो म्हणून. शिदोरी संपली कीं त्याचें चालणें थांबतें. यांत माळ्याच्या हाताचा दोष नाहीं.

मग पुणेकरानें लिलीची हौस सोडून द्यावी काय ? तसें करण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या बागांतून लिली या नांवानें पुष्कळ झाडें नांदतात. पहिल्या पावसाबरोबर उमलणारी गुलाबी-पांढरी पावसाळी लिली, मे महिन्यांत चेंडूसारखें तांबडें फूल देणारी मे-लिली, हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण वनस्पतिशास्त्राप्रमाणें तीं लिलीच्या जवळच्या नात्यांतलीं नाहींत. टायगर लिलीच्या गणगोतांतली, तिच्यासारख्याच मागें वळलेल्या पाकळ्यांची आणि रंगानें तिच्याहून भडक अशी एक वेल पुण्याच्या डोंगरांत आपण होऊन उगवते. सिंहगडाच्या वाटेवर, मुळशी आणि मावळ या भागांत, करवंदीच्या जाळींतून ती भर पावसाळ्यांत डोकें वर काढते. तिचें नांव कळलावी.

या वेलीला नांवांचा तोटा नाहीं. मराठींत कळलावी, खड्यानाग, इंदई. संस्कृतांत अग्निशिखा, लांगली, कलिहारी. फूल ज्वाळेसारखें दिसतें म्हणून अग्निशिखा, आणि कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून लांगली. कळलावी या नांवाची उपपत्ति लोक दोन प्रकारांनीं सांगतात. कोणी म्हणतात, हें फूल घरांत आणलें तर भांडण लागतें, म्हणून ती कळ लावणारी. दुसरे सांगतात कीं, अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटावर पूर्वीं हिच्या कंदाचा लेप देत, म्हणून ती कळा लावणारी. वाघाचा संबंध येथेंहि सुटलेला नाहीं. पाकळ्या नखांसारख्या वळलेल्या असल्यामुळें हिला कोठें कोठें वाघनखी म्हणतात. मात्र ज्याच्या फळाला आंकडे असतात अशा दुसऱ्याच एका रानझाडाला हेंच नांव आहे, तेव्हां नुसत्या नांवावर विसंबून रोप घेऊं नये. शास्त्रीय नांव ग्लोरिओझा सुपर्बा हें असून तें लिनीयसनें १७५३ सालीं नोंदविलें. पुण्याच्या सायन्स कॉलेजांत कांहीं काळ प्राचार्य असलेले थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या वर्षांत मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांतहि हिचें वर्णन आहे.

आपल्या डोंगरांत जी वेल कुंपणावर बेवारशी चढते, तिला इतरत्र मोठा मान आहे. ती तमिळनाडु राज्याचें राज्यपुष्प आहे. प्राचीन तमिळ काव्यांत तिला कांदळ म्हटलें असून स्त्रियांच्या बोटांना तिच्या पाकळ्यांची उपमा दिली आहे. आफ्रिकेंतील झिंबाब्वे या देशाचें तें राष्ट्रीय फूल होय. तो देश दक्षिण ऱ्होडेशिया या नांवानें ओळखला जात असतांना, १९४७ सालीं, ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांना एकविसाव्या वाढदिवशीं तेथून या फुलाच्या आकाराचें हिऱ्यांचें पदक भेट देण्यांत आलें. त्याचा खर्च तेथील शाळकरी मुलांनीं वर्गणी करून दिला होता. कोंकणांत व गोमंतकांत गणेशचतुर्थीला देवावर जी माटवी बांधतात, तींत रानांतल्या फळाफुलांबरोबर ही फुलेंहि कोठें कोठें लावलेलीं दिसतात.

पुण्याच्या माणसाच्या दृष्टीनें या वेलीचा मोठा गुण असा कीं, तिचें पंचांग आणि पुण्याचें पंचांग एकच आहे. ती मृगाच्या पावसाला उगवते, श्रावणांत चढते, भाद्रपदांत फुलते, दिवाळीला पिवळी पडते आणि थंडी-उन्हाळा कोरड्या मातींत झोंपून काढते. पुण्यांत वर्षाकांठीं सुमारें ७०० मिलिमीटर, म्हणजे अठ्ठावीस इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते ऑक्टोबर या महिन्यांतच पडतो. कळलावीला नेमकें हेंच पाहिजे असतें. टायगर लिलीसाठीं माळ्याला ऋतूशीं झगडावें लागतें. कळलावीसाठीं त्यानें ऋतूच्या आड न येणें एवढेंच पुरतें.

आतां लागवडीकडे वळावयाचें. कळलावीचा कंद हाताच्या बोटाएवढा जाड, गुळगुळीत आणि दोन बाहूंचा असतो. हे दोन बाहू इंग्रजी व्ही अक्षरासारखे जोडलेले असतात. प्रत्येक बाहूच्या टोंकाशीं एकच डोळा असतो. बटाट्याला पुष्कळ डोळे असल्यामुळें एक मोडला तरी दुसरा फुटतो. येथें तसें नाहीं. टोंक मोडलें तर तो बाहू त्या वर्षीं उगवत नाहीं. म्हणून कंद हाताळतांना काचेचें सामान हाताळावें तितकी काळजी घ्यावी. दोन बाहू वेगळे करावयाचे असतील तर सांध्याशीं स्वच्छ चाकूनें कापावे आणि कापलेला भाग राख लावून दोन दिवस सावलींत सुकूं द्यावा. दर वर्षीं जुना कंद सुकून जातो आणि त्याच्या जागीं नवी जोडी तयार होते.

मे महिन्याच्या अखेरीस, वळीव पडून गेल्यावर, कंद लावावे. जमीन निचऱ्याची असली पाहिजे, हा पहिला आणि शेवटचा नियम समजावा. पुण्यांतील कित्येक अंगणांत चिकण काळी माती असते. तींत पाणी सांचतें आणि कंद सडतो. अशा ठिकाणीं जमिनींत लावण्याचा आग्रह न धरतां एक फूट खोल आणि तितक्याच रुंदीची कुंडी घ्यावी. तळाशीं खापऱ्यांचा थर देऊन वर तांबडी माती दोन भाग, जाडी वाळू एक भाग आणि कुजलेला पालापाचोळा किंवा जुनें शेणखत एक भाग असें मिश्रण भरावें. ताजें शेणखत कधींहि घालूं नये. कंद आडवा ठेवून त्यावर दोन ते तीन इंच माती येईल असा लावावा. एका कुंडींत दोन कंद पुरेत. जमिनींत लावल्यास दोन कंदांमध्यें एक फुटाचें अंतर ठेवावें. जागा अशी निवडावी कीं वेलीच्या शेंड्याला ऊन मिळेल आणि बुडाशीं इतर झाडांची सावली राहील. रानांत ती झुडुपांच्या जाळींतून वर येते, तेथील व्यवस्था हीच असते.

कळलावी चढते ती पानांच्या साहाय्यानें. प्रत्येक पानाचें टोंक लांबत जाऊन तारेसारखें गुंडाळतें आणि मिळेल त्या बारीक काडीला पकडतें. हें टोंक जाड खांबाला किंवा भिंतीला पकडूं शकत नाहीं. त्याला पेन्सिलीहून बारीक आधार लागतो. बांबूच्या कामट्या, सुतळीची जाळी, अगर तगरीसारखें एखादें झुडूप हे आधार चांगले. आधार कंद लावण्याच्या दिवशींच उभा करावा. कोंब वर आल्यावर कामट्या खोंचूं लागल्यास कंदाला इजा होते, आणि वाऱ्यानें कोंबाचा शेंडा मोडला तर त्या कंदाच्या बाहूचें वर्ष फुकट जातें. कारण एका डोळ्याचा कोंब एकच. कोंब कोंवळा असतांना गोगलगाई त्याच्यावर तुटून पडतात. त्या रात्रीं कंदिलाच्या अगर विजेरीच्या उजेडांत वेंचून काढाव्या.

पाऊस नियमित असला तर वेगळें पाणी द्यावें लागत नाहीं. जुलै-ऑगस्टांत आठवडा कोरडा गेला तरच पाणी घालावें, आणि माती ओलसर राहील पण चिखल होणार नाहीं इतकेंच घालावें. वेल हातभर वाढली म्हणजे एकदां आणि कळ्या दिसूं लागल्या म्हणजे पुन्हां एकदां, असें दोन वेळां मूठभर गांडूळखत व थोडी हाडांची पूड मातींत मिसळावी. नुसत्या नत्राचें खत वाढविलें तर वेल पालेदार होते आणि फुलें रुसतात. चांगल्या पोसलेल्या कंदाची वेल माणसाच्या डोक्यावर सहज जाते.

कळी प्रथम हिरवी आणि खालीं मान घातलेली असते. उमलतांना सहा पाकळ्या मागें वळून वर उभ्या राहतात. त्यांच्या कडा लाटांसारख्या दुमडलेल्या असतात. आरंभीं रंग पिवळट हिरवा, मग बुडाशीं पिवळा आणि टोंकाशीं लाल, आणि अखेरीस सगळें फूल शेंदरी-किरमिजी होतें. एकाच वेलीवर एकाच वेळीं या सर्व अवस्था दिसतात, म्हणून झाड पेटल्यासारखें भासतें. फूल आठवडाभर तरी टिकतें. त्याची रचना न्याहाळण्यासारखी आहे. पुंकेसर सहाहि दिशांना आडवे पसरलेले असतात, आणि स्त्रीकेसराचा दांडा बुडाशींच काटकोनांत वळून बाहेर गेलेला असतो. स्वतःचा पराग स्वतःला सहसा लागूं नये अशी ही योजना आहे. फुलपांखरें आणि शिंजीर पक्षी पराग वाहतात; पण गच्चीवरच्या एकाकी कुंडीकडे ते येतीलच असें नाहीं. बीं हवें असेल तर सकाळच्या वेळीं मऊ कुंचल्यानें एका वेलीच्या फुलांतील पराग दुसऱ्या वेलीच्या फुलांतील स्त्रीकेसराच्या टोंकाला लावावा. तमिळनाडूंत करूर, दिंडुक्कल वगैरे भागांत शेतकरी बियांसाठीं या वेलीची शेती करतात, तेथेंहि हें काम हातानेंच चालतें.

या वेलीचा एक विशेष शत्रु आहे. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबूस ठिपके असलेली एक अळी ऐन पावसाळ्यांत येते आणि दोन दिवसांत पानांच्या नुसत्या शिरा ठेवते. हीच अळी बागेंतील इतर लिलींवरहि पडते. ती रंगानें उठून दिसते, म्हणून रोज सकाळीं पानें उलटून पाहावीं आणि अळ्या चिमट्यानें उचलून साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. चार-सहा वेलींसाठीं एवढें पुरें होतें. फार झाल्यास कडुलिंबाच्या अर्काचा फवारा द्यावा. झड लागून राहिली तर पानांवर करडे-तपकिरी डाग पडतात. अशीं पानें तोडून टाकावीं आणि कुंड्या एकमेकींपासून दूर ठेवाव्या.

घरच्या बागेंत कळलावी मरते ती बहुधा हयगयीनें मरत नाहीं. अति काळजीनें मरते. दिवाळीच्या सुमारास पानें पिवळीं पडूं लागलीं कीं घरांतील माणसें घाबरतात आणि पाणी वाढवितात. या वेळीं पाणी कमी करीत जाऊन पुढें अजिबात बंद करावें. पानें आपोआप वाळूं द्यावीं. हिरवीं असतांना कापूं नयेत, कारण पुढच्या वर्षाच्या कंदाचें अन्न त्यांतूनच उतरत असतें. वेल पूर्ण वाळल्यावर ती बुडाशीं कापून कुंडी पडवींत किंवा जिन्याखालीं, जेथें मार्च-एप्रिलचा अवकाळी पाऊस पोंचणार नाहीं अशा जागीं, ठेवून द्यावी. आंत कांहीं नाहीं असें समजून पुष्कळ घरांत अशी कुंडी उन्हाळ्यांत रिकामी केली जाते. म्हणून कुंडीवर चिठ्ठी लावावी.

ही चिठ्ठी केवळ आठवणीसाठीं नाहीं. कळलावीचें फूल जितकें सुंदर तितकी तिची वेल विषारी आहे. आयुर्वेदानें लांगलीची गणना उपविषांत केली आहे आणि शुद्ध केल्याखेरीज ती औषधांत वापरीत नाहींत. तिच्या सर्व अंगांत, आणि विशेषतः कंदांत व बियांत, कोल्चिसीन नांवाचें द्रव्य असतें. पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८२० सालीं हें द्रव्य युरोपांतील कोल्चिकम या वनस्पतींतून वेगळें केलें. वातरक्तावर, म्हणजे अंगठ्याचा सांधा सुजविणाऱ्या त्या दारुण रोगावर, तें अजूनहि औषध म्हणून अगदीं अल्प प्रमाणांत दिलें जातें. आणि कळलावीच्या बियांना बाजारांत जी किंमत येते ती याच कारणानें. १९३७ सालीं ब्लेकस्ली व एव्हरी या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कोल्चिसीननें वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रें दुप्पट करतां येतात असें दाखविलें, आणि तेव्हांपासून मोठ्या फुलांच्या नव्या जाति तयार करण्याच्या कामीं हें विष उपयोगीं पडूं लागलें. परंतु औषध आणि विष यांच्यामधील अंतर येथें फारच थोडें आहे.

टायगर लिलीचा कांदा चीन-जपानांत खातात, हें वर सांगितलेंच आहे. लिलीचा कांदा खाण्यासारखा असतो असें कोठें तरी वाचून तीच समजूत कळलावीला लावली, तर परिणाम भयंकर होईल. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो, आणि रताळें अगर करांदा समजून तो खाल्ल्यानें माणसें मेल्याचीं उदाहरणें भारतांत आणि श्रीलंकेंत नमूद आहेत. तो शिजवून निर्विष होतो असें मुळींच समजूं नये. विषाचा प्रकारहि फसवा आहे. कांहीं तासांनीं घशांत जळजळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग मध्यें थोडें बरें वाटल्यासारखें होतें, आणि नंतर मूत्रपिंड, हृदय, रक्त यांच्यावर आघात होतो. म्हणून खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहूं नये. मीठपाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटींत वेळ न दवडतां माणसाला ताबडतोब रुग्णालयांत न्यावें आणि वेलीचा किंवा कंदाचा तुकडा डॉक्टरांना दाखविण्यासाठीं बरोबर न्यावा.

हें सगळें ऐकून एखादी गृहिणी म्हणेल कीं, असलें झाड घरांत हवेंच कशाला ? प्रश्न रास्त आहे, आणि ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत त्यांनीं ती मोठीं होईपर्यंत हें झाड न लावणेंच बरें. इतरांनीं मात्र हें ध्यानांत ठेवावें कीं, कण्हेर आणि धोतरा यांचीं विषारी झाडें आपल्या दारांत पिढ्यान् पिढ्या उभीं आहेत. मांजर असलेल्या घरांत खरी लिलीहि निर्धोक नाहीं; टायगर लिलीचें पान किंवा पराग पोटांत गेल्यानें मांजराचें मूत्रपिंड निकामी होतें. झाडाचें विष ठाऊक असणें हीच त्याच्यापासूनची राखण होय. कळलावीपुरते नियम थोडे आहेत. तिला नेहमीं स्वतंत्र कुंडी द्यावी. रताळीं, आलें, हळद, अळू यांच्या वाफ्यांत किंवा त्यांच्या शेजारीं कधींहि लावूं नये. कंद काढतांना हातमोजे घालावे, नंतर हात धुवावे, आणि काढलेले कंद स्वयंपाकघरांत किंवा कांदा-बटाट्याच्या टोपलीजवळ घटकाभरहि ठेवूं नयेत. शेंग तडकली म्हणजे आंतील नारिंगी-तांबडे दाणे डाळिंबाच्या दाण्यांसारखे मोहक दिसतात. तेव्हां बीं नको असेल तर फूल सुकतांच शेंग खुडावी, आणि बीं हवें असेल तर शेंगेवर मलमलीची पिशवी बांधावी. कुंडीवरच्या चिठ्ठीवर लागवडीच्या तारखेबरोबर ‘कळलावी – विषारी’ असें ठळक अक्षरांत लिहावें. जागा बदलतांना किंवा माळी बदलल्यावर हीच चिठ्ठी कामाला येते.

राहिला प्रश्न कंद आणावयाचा कोठून. पावसाळ्यांत गडावर फिरावयास गेलेल्या माणसाला फुललेली वेल दिसते, आणि खिशांतला चाकू काढून ती मुळापासून उपटण्याचा मोह होतो. हा मोह आवरला पाहिजे. एक तर फुलांत असलेल्या वेलीखालचा नवा कंद अपुरा असतो; घरीं आणून लावला तरी तो बहुधा जगत नाहीं. दुसरें असें कीं, या वेलीला रानांत दोनच आधार आहेत : कंद आणि बीं. बियांसाठीं तिची शेती वाढली तेव्हां बेण्यासाठीं रानांतले कंद बेसुमार खणले गेले, आणि औषधासाठीं खणणारांनींहि तेंच केलें. त्यामुळें पूर्वीं जेथें ती सहज दिसे अशा कित्येक ठिकाणीं ती विरळ झाली आहे. वेल तोडली तर खालचा कंद पुन्हां उगवण्याची आशा असते. कंदच काढला तर तेथील वंश बुडतो.

म्हणून कंद घ्यावा तो रोपवाटिकेंत वाढविलेला, नाहीं तर ओळखीच्या माणसाच्या कुंडींतील नव्या जोडीपैकीं एक. ज्याला धीर असेल त्यानें बियांपासून सुरुवात करावी. हिंवाळ्यांत मिळालेलें बीं कोरड्या जागीं जपून ठेवावें आणि मे महिन्याच्या अखेरीस पसरट भांड्यांत वाळू व पालापाचोळ्याच्या मिश्रणांत अर्धा इंच खोल पेरावें. कांहीं बियां तीन-चार आठवड्यांत उगवतात, कांहींना महिनेच्या महिने लागतात. म्हणून भांडें उलथून टाकण्याची घाई करूं नये. पहिल्या पावसाळ्यांत गवताच्या पात्यासारखें एक रोप दिसतें आणि त्याच्याखालीं वाटाण्याएवढा कंद होतो. दुसऱ्या वर्षीं तो करंगळीच्या पेरापर्यंत वाढतो. फूल बहुधा तिसऱ्या अगर चौथ्या पावसाळ्यांत येतें.

तीन-चार वर्षें एका फुलाची वाट पाहणें हें आजच्या घाईच्या काळांत जड वाटेल. पण टायगर लिलीचे कांदे दर वर्षीं विकत आणून दर वर्षीं गमावण्यांत तितकींच वर्षें जातात, आणि शेवटीं हातीं रिकामी कुंडी राहते. कळलावीचा कंद एकदां जमला म्हणजे दर वर्षीं एकाचे दोन होतात, आणि दुसरा शेजाऱ्याला देतां येतो. देतांना मात्र त्याच्याबरोबर चिठ्ठीहि द्यावी. मृगाच्या तोंडावर ती वाचावी, कुंडी पडवींतून उन्हांत आणावी आणि पहिला पाऊस तिच्या मातीवर पडूं द्यावा.